दास

मी ख्रिस्ती आहे हे गिरणीत पुष्कळांना ठाऊक नव्हतं. आडनाव आमचं जुनंच राहिलंय आणि कपाळावर काही लिहिलेलं नसतं. माझा एक दोस्त आहे. रिंग खात्यात आम्ही शेजारशेजारची मशिनं बघतो. तोही कविता करतो, जयभीमवाला आहे. एका रविवारी मी जादा पाळीला नाही म्हणालो, तेव्हा त्याला कळलं. आधी हसला. मग म्हणाला, "म्हंजे गड्या, तू त्या 'दासांनो, धन्याचं ऐका' वाल्यांतला."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. कारण पंधरा दिवसांपूर्वी तेच मी आमच्या मंडळीत ऐकलं होतं, आणि ते मलाच उद्देशून होतं.

झालं होतं असं. कंत्राटी कामगारांच्या आठ आठ तासांच्या तीन पाळ्या मोडायच्या आणि बारा बारा तासांच्या दोन करायच्या, असं वरून ठरलं. पगार वाढणार होता, पण बारा तासांच्या हिशेबानं नाही. आम्ही तीसेक जण गेटवर बसायचं म्हणत होतो. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या कानावर ते गेलं. संडे स्कूलला त्यांनीच मला शिकवलेलं. उपासना सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, पवित्र शास्त्र उघडलं, इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. दासांनी धन्याशी कसं वागावं ते. ओरडले नाहीत. मायेनं म्हणाले, "बाळा, हे देवाचं वचन आहे, माझं नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही गेटवर दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी निम्मे आत गेले, चौथ्या दिवशी उरलेले. मीही गेलो. बारा तास चालू झाले, ते अजून चालू आहेत. मी मंडळीत जायचं बंद केलं.

घरात कुणी काही बोललं नाही. आजी तेवढी म्हणाली, "जायाचं नसंल तर नगं जाऊस. पर रुसून सोडू नगंस, समजून सोड." आजीला अक्षरओळख नाही. पण तिचं पटलं. सोडायचं तर वाचून सोडायचं. मी दहावीनंतर शाळा बघितली नाही, इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन शिकलो. पाळीवरून आल्यावर फ्रेमचा आवाज कानात तासभर राहतो, झोप येत नाही. त्या तासात मी वाचत गेलो. पाळकसाहेब वाचतात तसं नाही. हे पत्र कुणी लिहिलं, कुठल्या गावाला लिहिलं, त्या गावात कोण राहत होतं, राज्य कुणाचं, मजुरी काय, शिक्षा काय, असं विचारत विचारत.

पहिली ठेच लागली ती 'दास' या शब्दाची.

आपल्या मराठीत दास हा वाईट शब्द नाही. रामदास, तुलसीदास, हरिदास. दास म्हणवून घेण्यात मान आहे. ते नाव माणूस आपण होऊन घेतो, कुणी बाजारात उभं करून दिलेलं नसतं. मीही लहानपणापासून तसंच ऐकलं. पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं टाळ घेतलेला कुणी भला माणूस यायचा. मूळ ग्रीकातला शब्द आहे डूलॉस. डूलॉस म्हणजे गुलाम. विकत घेतलेला, पुन्हा विकता येणारा, मारला तरी मालकाला कुणी जाब विचारणार नाही असा. वार्रो नावाच्या रोमन माणसानं ख्रिस्तापूर्वी ३७ साली शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात शेतीच्या साधनांचे प्रकार सांगितलेत. मुकं साधन म्हणजे गाडी. अर्धवट आवाजाचं म्हणजे बैल. बोलतं साधन म्हणजे गुलाम. एवढं वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खात्यात बॉबिनी काढताना माझं तोंड बंद होतं. दोस्त म्हणाला, तब्येत बरी नाही काय रे?

जोतीबांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'गुलामगिरी', आणि ते अर्पण केलं अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. कुठला शब्द वापरायचा हे त्या माणसाला बरोबर कळत होतं. आमच्या भाषांतरकारांनी दुष्टपणानं 'दास' लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांना तो भक्तीचा वाटला असेल, गोड वाटला असेल. पण त्या गोडव्याखाली बाजारात उभी केलेली माणसं दडपून गेली.

मग मी एक उद्योग केला. नव्या करारात जिथं जिथं दास तिथं समासात पेन्सिलीनं गुलाम लिहीत गेलो. सगळं पुस्तकच हललं. येशूच्या दाखल्यांत गुलामच गुलाम. कुणाला फटके, कुणी रात्रभर दाराशी धन्याची वाट बघत जागा. शेवटच्या रात्री तो शिष्यांचे पाय धुतो, ते काम गुलामाचं, म्हणून पेत्र एवढा बिचकतो. आणि यहूदाची ती तीस नाणी. तीस चांदीची नाणी घेऊन त्यानं गुरूला धरून दिलं, हे आमच्यातल्या पोराटोरांना पाठ असतं. पण तीसच का? निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात एक कायदा आहे. एखाद्याच्या बैलानं दुसऱ्याच्या गुलामाला शिंग मारून ठार केलं, तर गुलामाच्या मालकाला भरपाई द्यायची तीस शेकेल चांदी. मत्तयाचं शुभवर्तमान ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्या यहूदी लोकांना तो कायदा ठाऊक होता. मी मात्र पंचवीस वर्षं तो आकडा नुसता आकडा म्हणून ऐकत आलो.

फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आमच्याकडं गुड फ्रायडेला वाचतात. देवाच्या रूपातला जो होता त्यानं दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत गेला. मला वाटायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी नम्र झाला आणि मग योगायोगानं तसा मेला. आता ते पत्र कुठं गेलं ते बघा. फिलिप्पै म्हणजे रोमन वसाहत. ख्रिस्तापूर्वी ४२ सालच्या लढाईनंतर तिथं फौजेतून सुटलेल्या शिपायांना जमिनी दिल्या होत्या. नागरिकत्वाचा मोठा तोरा असलेलं गाव. त्याच गावात एक गुलाम पोरगी होती, तिच्या अंगात यायचं, आणि तिच्या भविष्य सांगण्यावर तिचे मालक पैसा मिळवायचे. प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात आहे. तिचं नाव लिहिलेलं नाही. त्या गावातल्या कुणाच्या तरी घरात, संध्याकाळी दार लावून, हे पत्र मोठ्यानं वाचलं गेलं. ऐकणाऱ्यांत शिपायाचा नातू असेल आणि त्याच्या घरचा गुलामही असेल. देवानं गुलामाचं रूप घेतलं, असं त्या खोलीत कुणीतरी वाचलं. त्या गुलामाला ते कसं लागलं असेल याचा विचार करता करता एका रात्री माझी पाळीची वेळ चुकली.

कारण वधस्तंभ म्हणजे गुलामाचंच मरण होतं. आमचं मराठी इथं मात्र खरं बोललंय. कॅथलिक बांधव क्रूस म्हणतात, तो पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्द. आम्ही म्हणतो वधस्तंभ, मारायचा खांब. पण रोज रोज ऐकून कान बधिर होतो. आमच्या उपासनामंदिरातला खांब पॉलिश केलेला आहे, नाताळला त्याला लाइटिंग करतात.

स्पार्टाकसचं गुलामांचं बंड रोमनं ख्रिस्तापूर्वी ७१ साली मोडलं. धरलेले सहा हजार गुलाम कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेनं खांबांवर ठोकले. रस्त्याच्या कडेनं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावं म्हणून. सिसेरो नावाचा मोठा वकील भर सभेत म्हणाला होता की रोमन नागरिकाच्या कानावरसुद्धा या शिक्षेचं नाव पडू नये. ख्रिस्तानंतर ६१ साली रोममध्ये एका बड्या अधिकाऱ्याचा त्याच्या एका गुलामानं खून केला, तर कायद्यानं त्याच्या घरातले सगळे, चारशे गुलाम, मारले. बायकापोरांसकट. रोमच्या लोकांनीही आरडाओरडा केला, तरी मारले. आणि येशूच्या अगदी शेजारची गोष्ट. हेरोद मेल्यावर, ख्रिस्तापूर्वी ४ साली, गालीलात उठाव झाला. वारुस नावाच्या रोमन सुभेदारानं दोन हजार जण खांबांवर चढवले. सेफोरिस शहर जाळलं, तिथल्या लोकांना गुलाम करून विकलं. जोसेफस हा यहूदी इतिहासकार हे लिहून ठेवतो. सेफोरिस नासरेथपासून दीड तासाच्या चालीवर. येशू जन्मला तोही याच काळात, एकदोन वर्षं मागंपुढं. म्हणजे तो वाढला त्या गावात कुणाचा मामा, कुणाची चुलती विकली गेलेली होती. लहानपणी त्यानं हे कुणाच्या तरी तोंडून ऐकलंच असणार. आमच्या घरात दुष्काळाच्या गोष्टी सांगतात तशा.

१९६८ साली जेरुसलेमजवळ एक थडगं उघडलं. दगडी पेटीत एका माणसाची हाडं, पेटीवर त्याचं नाव, येहोहानान. टाचेच्या हाडात खिळा तसाच होता. खिळ्याचं टोक वाकलेलं, म्हणून काढता आला नसावा. हजारो माणसं अशी मारली, पण हाड सापडावं असं पुरलं गेलं ते क्वचितच कुणी. बाकीच्यांचं पक्ष्यांनी आणि कुत्र्यांनी केलं. त्या हाडाचा फोटो मी फोनवर बघितला आणि दोस्तालाही दाखवला. त्यानं फोन हातात घेऊन मोठा करून बघितला, बराच वेळ. काही टोमणा मारला नाही.

आणखी एक चित्र आहे. रोमच्या राजवाड्याच्या टेकडीवर १८५७ साली एका भिंतीवर सापडलेलं, खिळ्याबिळ्यानं कोरलेलं. खांबावर एक माणूस टांगलाय, त्याला डोकं गाढवाचं. खाली एक पोरगा हात वर करून उभा. शेजारी लिहिलंय की हा अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय. ख्रिस्ताच्या वधस्तंभाचं जुन्यातलं जुनं चित्र म्हणून सांगतात त्यांत हे येतं, आणि ते टिंगलीचं आहे. ज्या इमारतीत ते सापडलं तिथं बादशाही घरातली गुलाम पोरं शिकत असावीत असं जाणकार म्हणतात. म्हणजे एका गुलाम पोरानं दुसऱ्याची काढलेली असेल. वर्गात माझ्या वहीवर कुणी काय काढलं होतं ते मी इथं सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

हे सगळं मी आजीला सांगत होतो. तिला वार्रो आणि सिसेरोत काही रस नव्हता. पण इब्री लोकांस पत्रात शेवटच्या अध्यायात आहे की येशू वेशीबाहेर मेला, आपणही त्याची निंदा अंगावर घेऊन तिकडं जावं. मराठी शास्त्रातला शब्दच तो आहे, वेशीबाहेर. यहूदी नियमाप्रमाणं खांबावर टांगलेला माणूस शापित, आणि त्याचा मुडदा रात्रभर तसा राहिला तर जमीन विटाळते. म्हणून ते काम गावकुसाच्या बाहेर. मी एवढं वाचलं आणि आजी उठून बसली.

"येशीभाईर? मंग त्यो आमच्याच अंगाला मेला की."

माझा पणजा नगर जिल्ह्यात येसकर होता. बाप्तिस्मा झाल्यावरही येसकरकी सुटली नव्हती. रात्री वेशीवर पहारा, दिवसा पाटलाचा सांगावा, कुणी मेलं की दहा गावं पायी जाऊन मयताची खबर द्यायची, आणि संध्याकाळी घरोघर उभं राहून भाकरी मागायची. आजी सांगते, "मी लगीन होऊन आले तवा घुंगराची काठी आढ्याला टांगल्याली हुती." १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, पण काठी कुणी टाकली नव्हती. वेस राखायची त्यानं, आणि घर त्याचं वेशीबाहेर. गावाला ख्रिस्ती महार म्हणजे महारच. सरकारला मात्र उलटं वाटतं. १९५० च्या हुकमात अनुसूचित जातींत शीख १९५६ साली आले, बौद्ध १९९० साली आले, ख्रिस्त्यांना जागा नाही. तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन. सांगायचं होतं ते आजीचं. सत्तरऐंशी वर्षं ती येशूची गाणी म्हणतेय, पण त्या रात्री तिनं पहिल्यांदा मला विचारलं, त्याला कुठं नेऊन मारलं, रस्ता कसला होता, बायका किती लांब उभ्या होत्या. माझ्या आजीनं नकाशा मागितला म्हणा ना!

पौलाशी माझं भांडण मात्र मिटलेलं नाही. फिलेमोनाला त्यानं पत्र लिहिलं, जेमतेम एका पानाचं. ओनेसिम नावाचा गुलाम मालकापासून दुरावून पौलाकडं आला, पौलानं त्याला परत पाठवलं. सोबत लिहिलं की याला आता गुलामापेक्षा अधिक, भाऊ म्हणून घे. त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. ओनेसिम म्हणजे उपयोगी, गुलामांची अशीच नावं ठेवायचे. मी ते पत्र वीस वेळा वाचलं. सोडून दे, असं सरळ का नाही लिहिलं बाबा? तू तुरुंगात होतास हे कळतं मला. पळालेल्या गुलामाला आसरा देणं गुन्हा होता तेही कळतं. तरी पण.

आणि इफिसकरांस पत्र. पुष्कळ अभ्यासक म्हणतात की ते पौलानं स्वतः लिहिलेलं नाही, त्याच्या मागं त्याच्या माणसांपैकी कुणी लिहिलं. नवरा-बायको, बाप-मुलं, धनी-गुलाम, या तीन जोड्या तिथं एकामागून एक येतात. त्याच तीन जोड्या ॲरिस्टॉटलनं तीनशे-चारशे वर्षं आधी घराचा कारभार सांगताना मांडलेल्या आहेत. म्हणजे त्या जगाची घडीच ती होती, आणि लहानशा, घाबरलेल्या मंडळ्या त्या घडीत बसून जीव वाचवत होत्या. मला हे वाचून पत्राचा राग आला नाही, कीव आली. गेटवरून चौथ्या दिवशी आत जाणारा मीही तसाच होतो.

पण भीतीनं लिहिलेलं ते पान पुढं काढून दाखवणारे भीतीतले नव्हते. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी म्हणून एक शास्त्र छापलं. त्यात मोशे आपल्या लोकांना मिसरातून सोडवून नेतो तो भागच गाळला. गुलाम आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचन गाळलं. इफिसकरांस सहावा अध्याय मात्र ठेवला. आणि १८३३ साली अमेरिकेत, जॉर्जियात, चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाचा गोरा पाद्री काळ्या गुलामांपुढं फिलेमोनच्या पत्रावर उपदेश करत होता की पळून जाणं पाप आहे. निम्मे लोक उठून चालायला लागले. उरलेल्यांतल्या काहींनी त्याला सांगितलं की असलं पत्र शास्त्रात नाहीच. हे त्यानं स्वतःच अहवालात लिहून ठेवलंय. त्या माणसांना वाचायला येत नव्हतं. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, उपदेश सोडला. मी तीन महिने उलटं करत होतो.

दोस्ताला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं. तो गुलामासारखा मेला, हे इतिहास सांगतो. मान्य. तो देव होता, हे कुठला इतिहास सांगतो?" कुठलाच नाही सांगत. मी त्याला तसंच सांगितलं. खांबापर्यंत मला पुस्तकं नेतात, पुढचं पाऊल माझं मला टाकावं लागतं. एवढंच म्हणालो, की ज्या जगात गुलाम म्हणजे बोलतं साधन, त्या जगात कुणी पोटभरू माणूस देव रचायला बसला असता तर असा रचला नसता. आधी मला देव वर, दूर, सोन्याच्या काचेमागं दिसायचा आणि मी त्याला भ्यायचो. आता तो कुठल्या रस्त्याच्या कडेला, कुणाच्या हुकमानं, कुणाच्या रांगेत लटकला ते मला ठाऊक आहे, आणि त्याच्यापुढं गुडघे टेकताना मला कमीपणा वाटत नाही. दोस्त म्हणाला, कवितेत हे चालेल, वादात नाही. चालू दे.

गुड फ्रायडेला मी मंडळीत परत गेलो. वाचायला माणूस कमी होता, त्या गृहस्थांनीच मला बोलावलं, फिलिप्पैकरांस दुसरा अध्याय. मी वाचला. दास आला तिथं गुलाम म्हणालो. दोनचार माना वर झाल्या, बाकी काही नाही.

नंतर ते माझ्याजवळ आले. "छापलंय तसं वाचावं, बाळा."

मी डूलॉस सांगितलं. बाजार सांगितला, तीस शेकेल सांगितले. ते बाकावर बसून ऐकत राहिले. त्यांच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या वाड्यावर सालं घातली, हे मला आजीकडून माहीत होतं, ते मी काढलं नाही. शेवटी त्यांनी आपलं शास्त्र उघडलं, पानं उलटली.

"इफिसकरांसमध्येही हाच शब्द का?"

"हाच."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला आणि तो अध्याय पुन्हा वाचायला लागले, मनातल्या मनात, ओठ हलवत. मला पाळी होती. मी निघालो.